बिडाचा तवा आणि आत्याबाईंची चिंच

मथुरेने तवा हातात घेतला आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. तवा पुन्हा तांबडा झाला होता. काल तेल पिऊन काळाभोर, तुळतुळीत होऊन फळीवर बसलेला तवा आज न्हाणीच्या दगडावर ओला पडला होता, आणि बोट फिरवावं तर बोटाला गंज.

हा उद्योग कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती. शेजारी चिंचेचा चोथा होता, राखेची वाटी होती. म्हणजे आत्याबाई. ही तिच्या नवऱ्याची आत्या, ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन या घरात आलेली. जीव लावणारी बाई, पण सोवळ्याओवळ्यात कडक. बरं, चिडावं म्हटलं तर बाईने तुमचंच काम करून ठेवलेलं असतं. मग चिडायचं कुणावर, भिंतीवर?

तवा साधासुधा असता तर मथुरेने एवढा जीव आटवला नसता. तो बिडाचा होता आणि आईचा होता. आई गेल्यावर नांदेडला भांड्यांची वाटणी झाली तेव्हा थोरल्या माधवदादालाही तोच हवा होता. पण मथुरा हट्टाला पेटली. आईच्या हाताखाली धिरडी मी शिकले, या तव्याला कधी एक चिकटलेलं पाहिलं नाही, तवा माझ्याकडेच राहील, असं ती चारचौघांत ठणकावून म्हणाली. दादाने मुकाट्याने तवा तिच्या ट्रंकेत ठेवला. गंजवलास तर परत नेईन, एवढंच म्हणाला. त्यानंतर तो हैदराबादला फिरकलाच नाही. आणि आता निरोप आला होता की हायकोर्टात काम आहे, काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरून आधी तुझ्याकडे जेवायला येतो, धिरडी कर.

आणि निरोप आला तेव्हा तवा होता कुठे? माळ्यावर, बोचक्यात, कैक पावसाळे खात पडलेला. खाली काढला तेव्हा मथुरेला रडूच आलं. दादा शब्दाचा पक्का. बघेल, उचलेल आणि घेऊन जाईल. आईची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती तिच्याजवळ.

श्रीनिवासराव, म्हणजे तिचे यजमान, सरकारी दफ्तरातले. उर्दूत असा अर्ज लिहायचे की वरचा साहेब वाहवा करायचा, पण चुलीपाशी सगळा उजेडच. खामखा परेशान होऊ नको, बेगम बाजारातल्या कलईवाल्याकडे टाकून येतो, चांदीसारखा करून देईल, म्हणाले. बिडाला कलई! मथुरेने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पांढराफेक तवा घेऊन आले. तो तिने घागरीवर झाकण म्हणून ठेवला.

मग तिने पदर खोचला. विटेच्या तुकड्याने गंज खरवडला, तवा धुतला, लगेच चुलीवर कोरडाठक्क केला. जवसाचं तेल चोळलं, तापवला, पुसला, पुन्हा चोळलं. धुराने डोळे लालबुंद झाले. शेवटी राहिला आईचा खरा हात, तो म्हणजे अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर घासायचा. पण आत्याबाईंपायी या घरात कांद्याला थारा नव्हता. मथुरेने शेजारणीकडून पदराखाली लपवून आणला आणि दार लावून काम उरकलं. वास काय दाराला विचारून जातो?

आत्याबाईंच्या नाकाला तो कळलाच. त्यांनी चिंच भिजवली. कांद्याने बाटलेला तवा चिंच-राखेने घासायचा, तीनदा पाणी घालायचं की झाला शुद्ध. तांब्यापितळेला हा नियम ठीक आहे हो! बिडाला चिंच लावली की पाजलेलं सगळं तेल निघून येतं आणि ओला ठेवला की सकाळी गंज. मथुरेने पुन्हा तेल पाजलं, पुन्हा कांदा आणला. आत्याबाईंनी पुन्हा चिंच भिजवली. मथुरेने तवा ज्वारीच्या कणगीत लपवला, तर तो तिथूनही काढून आज न्हाणीवर.

आणि दादाची गाडी यायची वेळ झाली होती.

"आत्याबाई, तुमच्या पाया पडते. या तव्याला पाणी दाखवू नका."

"अगं, पाहुणा जेवायचा," आत्याबाई कळवळून म्हणाल्या. "तू दमली होतीस म्हणून मी केलं. आणि आंघोळच नको म्हणणारा असला कसला तवा?"

आंघोळ म्हणे तव्याला, डोंबल! मथुरेने तवा खसाखसा पुसला, घाईघाईने तेल पाजलं, आणि बाहेर टांगा थांबला.

दादाचे केस पांढरे झाले होते. हातपाय धुऊन तो चुलीसमोर पाटावर बसला आणि त्याने पहिल्यांदा बघितलं ते तव्याकडे. मथुरेने खाली मान घालून पीठ ओतलं. पीठ चर्र वाजलं, कडा सुटली, पण मधे जे बसलं ते हलेना. तिने उलथनं घातलं. धिरड्याच्या चिंध्या झाल्या, आणि खाली तव्याचा तांबूस डाग उघडा पडला. आता कशाला लपवायचं?

"ने बाबा तू," ती म्हणाली. "गंजवलाय मी." आणि त्या चिंध्या तिने गाईच्या टोपलीकडे सरकवल्या.

"ते कुठे टाकतेस? इकडे आण."

"फाटलंय ते."

"आईचं पहिलं रोज फाटायचंच," दादा म्हणाला. "ते माझ्या ताटात यायचं. तू उशिरा उठायचीस. तुला अख्खी मिळायची, म्हणून तुला वाटतं की तव्याला चिकटत नव्हतं."

मथुरेने त्या चिंध्या त्याच्या ताटात वाढल्या. एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही आणि यानेही नाही. वाटणीच्या दिवशी चारचौघांत ती बोलली होती तेव्हाही हा गप्प उभा होता.

"घासून ठेवू का मग तवा?" दारातून आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात चिंच होती.

"नको, आत्याबाई. याला नुसतं फडकं पुरतं," दादा हसून म्हणाला. "इथेच राहणार आहे तो, त्याची सवय करून घ्या."

दुसरं धिरडं अर्धंमुर्धं निघालं. तिसरं मात्र अख्खं सुटलं, जाळीदार, गोल. मथुरेने डोळे पुसले आणि ते दादाच्या ताटात वाढलं. तोंडात फाटक्याचा घास होता त्याच्या. त्याने ते अख्खं धिरडं न बघताच उचललं आणि शेजारी तिच्यासाठी मांडलेल्या रिकाम्या ताटात ठेवून दिलं.