माहेरचं आडनाव

रायपूर राजधानी होऊन सात वर्षं झाली, त्या साली माझ्या नातीला, दीक्षाला, दोन शहरांतून नोकरीची पत्रं आली. ती सिव्हिल इंजिनियर. पुण्याच्या फर्ममध्ये पुलांचं काम होतं, हैदराबादच्या फर्ममध्ये फ्लॅटच्या इमारतींचं. दोन्हीकडे शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ईमेलनं उत्तर द्यायचं होतं.

माझा मुलगा यशदीप तेव्हा मंत्रालयात बाबू होता. नव्या राज्याचं मंत्रालय जुन्या सरकारी दवाखान्याच्या इमारतीत बसवलं होतं. ज्या इमारतीत मी त्याला जन्म दिला, तिथंच तो आता फायली सरकवत होता. त्याचं म्हणणं, पोरीनं जायचंच काहून?

“इथं पुरं नवं शहर बनून राहिलं,” तो म्हणायचा. “पूल बांधायचे तर इथं बांध ना.”

“पापा, वहाँ अभी सिर्फ़ चौड़ी सड़क है, और उस पर गाय बैठी है,” दीक्षा म्हणायची.

शेवटी तो नमला, पण एका अटीवर. आधी राहायची जागा पक्की, मग नोकरीला होकार. हैदराबादला दीक्षाची मैत्रीण मीनल राहत होती, तिच्या खोलीत एक पलंग रिकामा होता. पुण्यात आमचं कुणीच नव्हतं.

दीक्षाला पुणं हवं होतं ते पुलांसाठी. चौथीत असताना खारून नदीच्या पुलावर तिनं रिक्षा थांबवायला लावली होती, खाली वाकून खांब मोजायला. मलाही पुणंच हवं होतं, पण माझं कारण वेगळं होतं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून भाजी हिंदीत घेतली, भांडण हिंदीत केलं. नात माझी मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. वाटायचं, एकदा ती तिकडे गेली की आपल्या भाषेत येईल.

“आपलीच माणसं आहेत तिथं,” मी सारखी म्हणायचे.

“आजी, आप गई हो कभी?”

गेले नव्हते. अकोल्याच्या पुढे मी कधी गेले नव्हते.

पुण्याच्या फर्मनं भाड्याच्या खोल्यांचे तीन फोन नंबर दिले होते. शनिवारी दुपारपर्यंत दोन खोल्या गेल्या होत्या. तिसरा नंबर एका म्हाताऱ्या बाईंचा होता.

“आजी, आप बात करो. मेरी मराठी सुनके वो हँसेंगी,” दीक्षा म्हणाली. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर सुरू केला. सून सरला पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. अडीच वाजले होते.

मी अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखी मराठी बोलले. बाई चांगल्या होत्या. मुलगी किती शिकली, कामावरून किती वाजता येणार, विचारून झालं. मग त्यांचे गुडघे निघाले, माझे गुडघे निघाले. दोघींनाही जिना उतरताना जास्त दुखायचं. आम्ही हसलो. दीक्षानं मला अंगठा दाखवला.

“आडनाव काय म्हणालात?” बाईंनी विचारलं.

मी काहीच म्हणाले नव्हते.

आमचं आडनाव गजभिये. नागपूरपासून पुण्यापर्यंत ते नुसतं उच्चारलं तरी आम्ही कोण ते समोरच्याला कळतं. आम्ही बौद्ध. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरच्या त्या मैदानात मी आईजवळ उभी होते, चौदा वर्षांची, पांढऱ्या साडीत. माझी ती पहिली साडी. त्या दिवसापासून मी कुणापुढे मान खाली घातली नाही, असं मी नातीला शंभरदा सांगितलं होतं.

“बोरकर,” मी म्हणाले.

ते माझं माहेरचं आडनाव. ते कुठल्याही जातीत सापडतं.

“हो का? आमच्या शेजारी बोरकरच होते. फार चांगली माणसं. पाठवा मुलीला, सोमवारी आली तरी चालेल.”

फोन बंद झाला. सरला हसून आत गेली. दीक्षा टेबलाशी तशीच बसून राहिली.

“आजी, मेरी डिग्री पे क्या लिखा है?”

मी मोबाइल तिच्याकडे सरकवला.

“दरवाज़े पे क्या लिखूँगी?”

“तुले पूल बांधायचे आहेत ना?”

“हव.”

“मग?”

“मग कुछ नहीं.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

माझे यजमान, भैय्यालाल, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात रंगारी होते. डब्यांवर नंबर लिहायचे. क्वार्टर मिळालं तेव्हा त्याच पांढऱ्या रंगानं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्यांनी दारावर पुरं नाव लिहिलं. शेजारी चिडवायचे, “काय भैय्यालाल, घर मालगाडीला जोडतो का?” ते म्हणायचे, “दुरून वाचता आलं पाहिजे.”

तीन वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा फोन लावायला सांगितला.

“मघाशी मी माहेरचं आडनाव सांगितलं,” मी बाईंना म्हणाले. “मुलीचं आडनाव गजभिये आहे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाईंनी ती थांबू दिली. मग म्हणाल्या, “मुलाला विचारते आणि कळवते.”

आम्ही थांबलो. साडेतीन झाले. सरलानं चहा केला, तो कुणी घेतला नाही. यशदीप बाजारातून आला, पिशवी हातात धरूनच त्यानं सगळं ऐकलं.

“पक्की झाली होती ना खोली?” तो मला म्हणाला. “मग परत काहून सांगायले गेली?”

“पहिले खोटं काहून सांगितलं, ते विचार.”

“ते मले समजते, आई. ते मीही करतो.”

दीक्षानं बापाकडे पाहिलं. तो पिशवी घेऊन आत गेला. ईमेल जिथून पाठवायचा तो सायबर कॅफे पायी वीस मिनिटांच्या वाटेवर होता. मी घड्याळाकडे पाठ करून बसले.

चार पंचवीसला फोन वाजला.

“अहो, मला काही नाही हो,” बाई म्हणाल्या. आवाज मघासारखाच गोड होता. “मी असलं काही पाळत नाही. फक्त खाली आमच्या जाऊबाई राहतात, त्यांचं सोवळंओवळं आहे. त्यांना आपण बोरकरच सांगू या. तुम्हीच तर सुचवलंत.”

त्या वाईट नव्हत्या. मी दिलेलंच त्या मला परत देत होत्या.

“आणि गजभियेच सांगायचं असेल तर?”

“मग जरा कठीण आहे.”

“मग राहू द्या,” मी म्हणाले. “गुडघे सांभाळा.”

यशदीप आतून आला. “झालं? आता हैदराबाद लिही आणि मोकळी हो. मीनल वाट पाहून राहिली.”

दीक्षा चप्पल घालत होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, ती हैदराबादच लिहिणार. वादानं नाही, थकून.

“पुणं लिही,” मी म्हणाले.

“आई, खोली कुठं आहे?”

“मी जाते तिच्यासंगं. खोली मिळेपर्यंत राहीन.”

“तुले जिना चढता येत नाही.”

“नको येऊ दे. खाली उभी राहून नाव सांगीन. वर जायचं की नाही, ते तिथंच ठरेल.”

“आजी, और कोई नहीं मिला तो?” दीक्षानं विचारलं. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

“मग महिनाभरानं दोघी परत येऊ. पण तुझी नोकरी माझ्या तोंडामुळं जायला नको.”

ती बापाकडे बघत राहिली. त्याची अट त्याच्या तोंडावर आलेली मला दिसली. चार पस्तीस झाले होते. त्यानं खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली.

“बस मागं,” तो तिला म्हणाला. “पैदल गेली तर तिथंच पाच वाजतील.”

स्कूटर दोन किकांत सुरू झाली नाही. तिसऱ्या किकला झाली. मी फाटकाशी उभी राहिले, ती दोघं पाराच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी.

साडेपाचला परत आली. “कितने बजे भेजा?” सरलानं विचारलं.

“चार बावन,” यशदीप म्हणाला, आणि न विचारता गार झालेला चहा गरम करायला ठेवला.

नऊ दिवसांनी पुण्यातल्या एका दुमजली घराच्या जिन्याखाली मी काठी टेकून उभी होते. दीक्षा वर गेली, तिनं घंटी वाजवली. दार उघडलं. कोण पाहिजे, असं एका माणसानं विचारलं. ती बोलायच्या आधीच मी खालून मोठ्यानं म्हणाले, “आम्ही गजभिये. रायपूरहून आलोय, खोली बघायला.”

तो कठड्यावरून वाकून खाली बघू लागला. मी मान वर करून उभी राहिले.