जांभळं लेबल

तबकडीच्या लेबलावरून सत्तरीतली दोन माणसं अबोला धरतात, हे सांगलीत कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. जवाहर आणि पारस यांचं तेच झालं होतं. दोघंही शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रामोफोन तबकड्यांच्या नादी लागलेले. गाण्यापेक्षा मधल्या गोल कागदाचाच यांना सोस, त्याचा रंग कुठला आणि छाप कुठली. एका भैरवीची तबकडी जवाहरकडे काळ्या लेबलाची होती. पारस म्हणाला, “हीच जांभळ्या लेबलातही निघाली होती. लहानपणी वडूजला पाहिलीय मी.” जवाहरने चारचौघांत त्याला खोटं पाडलं. पुढं तीन वर्षं दोघं बोलले नाहीत आणि मग पारस गेला. जवाहरला ते तिसऱ्या दिवशी पेपरातून कळलं.

तेव्हापासून त्याला घर खायला उठायचं. कपाटभर तबकड्या होत्या, पण त्यातलं कळणारा दुसरा माणूस उरला नव्हता. ती जांभळी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच त्याने मनाशी धरलं. विचारत विचारत वडूजच्या हरणाबाईंचा पत्ता लागला. मेंढरं राखणारं घर. आजेसासऱ्यांनी पलटणीतून येताना ग्रामोफोन आणलेला. तो मोडला, तबकड्या राहिल्या. रविवारी बघायला येतो, असं जवाहरने फोनवर कळवलं.

पोचला तर पडवीत बाजेवर तबकड्या ओळीने मांडलेल्या, लख्ख काळ्या. मधला कागद एकीवरही नव्हता.

“पावण्याच्या हातात मळकी वस्तू कशी द्यायची?” हरणाबाई म्हणाल्या. “काल साबनाच्या पान्यात भिजवल्या. कागद लय चिकाट, काथ्यानं घासला तवा निगाला.”

जवाहरने एकेक उचलून बघितली. कागदाच्या जागेजवळ कोरलेला नंबर त्याला पाठ होता. चौथी तबकडी भैरवीचीच निघाली. त्याला रडू यायला झालं. रागवायचं तरी कुणावर?

“बाई, हिच्यावरचा कागद कुठल्या रंगाचा होता?”

“जांभळा हुता की. बाकी समदं काळं, ह्यो येवडाच जांभळा.”

“माझा एक मित्र हेच म्हणायचा,” जवाहर म्हणाला. “मी त्याला खोटं पाडलं.”

“मग आता जावा आन् सांगा त्यास्नी, तुमचंच खरं हुतं म्हनून. लय बरं वाटंल बगा त्यास्नी.”

“सांगतो,” जवाहर म्हणाला.

हरणाबाई चहा टाकायला आत गेल्या. तो तबकडी मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.