घोड्याच्या घरातले प्यादे

एकोणीसशे छप्पन साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आणि त्याच हिवाळ्यात यवतमाळला बायकांची पहिली बुद्धिबळ स्पर्धा भरली. स्पर्धा म्हणजे काय, तर सहा बायका. त्यांतल्या दोघींना घोडा कसा चालतो एवढेच ठाऊक होते. नेरच्या सदाशिवरावांच्या पत्नी इंदूबाई त्या सहा जणींत पहिल्या आल्या. पदर डोक्यावरून तसूभरही न ढळू देता त्यांनी पाच डाव जिंकले आणि ढाल स्वीकारताना बुद्धिबळ मंडळाच्या अध्यक्षांना सर्वांसमोर विचारले, "पुरुषांच्या पटावर मले केव्हा बसवता?"

पुढच्या वर्षी बसवावे लागले. समोर एक नामांकित वकील होते. एकतिसाव्या खेळीला ते उठले आणि सकाळपासून आपले डोके दुखत असल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतर इंदूबाई जिल्ह्यात ज्यांना ज्यांना हरवीत, त्या सर्वांचे डोके दुखत असे. सलग चार वर्षे ढाल नेरला राहिली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले. नेरच्या बाजारात कापूस घेऊन आलेले शेतकरी बोट दाखवून सांगू लागले, "थे पाय, बुद्धिबळवाल्या बाईचं घर." त्या घराला आजवर सदाशिवरावांचे घर म्हणत. आता कोणी म्हणेना, आणि इंदूबाईंना ते फार आवडे.

पहिल्या ढालीनंतरचे हे सारे मिळवले ते कोणाच्या जोरावर, हे मात्र घराबाहेर कोणाला माहीत नव्हते.

भीमसिंग हा जवळच्या लमाणांच्या तांड्यावरचा गाडीवान. तो सदाशिवरावांचा कापूस जिनिंगमध्ये नेई. सत्तावन साली त्याची चौदा वर्षांची मुलगी जमनी इंदूबाईंच्या घरी भांडी घासायला आणि अंगण सारवायला येऊ लागली. एके दुपारी इंदूबाई एकट्याच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत होत्या. राखेने भरलेले हात तसेच ठेवून जमनी रोजच्यासारखीच मागे उभी राहिली होती.

"काय पायतं?" इंदूबाईंनी न वळता विचारले.

"काळा हत्ती मरते, बाई."

"कसा मरते?"

"तीन खेळ्यांत मरते. उंट इकडून आला का."

इंदूबाईंनी पाहिले. हत्ती मरत होता. त्यांना स्वतःला ते दिसले नव्हते.

त्या दिवसापासून भांड्यांना दुसरी बाई लागली आणि जमनी पटासमोर बसू लागली. इंदूबाईंनी तिला आपल्या वडिलांचा खेळ शिकवला, देशी खेळ. त्यात प्यादे पहिल्या खेळीला एकच घर चालते. ते पटाच्या टोकाला पोचले की ज्या घरात पोचले त्या घराचा मोहरा होते: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. प्याद्याने दिलेली मात ही सर्वांत मानाची. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. डाव तिथेच मोडतो, ना जीत ना हार.

"शेवटचं प्यादं कधी मारायचं नाई," इंदूबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावले होते. "ते ठेवायचं, अन् मग मात द्यायची. मात खाऊन हरणाऱ्याचाई मान राह्यते. बुर्जी करणं म्हणजे समोरच्याले मात खायच्या लायकीचाई न समजणं."

"मंग बुर्जी कोण करते?"

"हलकट करते."

शिकवताना त्या फारसे बोलत नसत. जमनीची खेळी बरोबर असली की हातातली सोन्याची बांगडी पटाच्या कडेवर एकदा वाजवीत, आणि चुकली की गप्प राहत. या एका टकटकीसाठी जमनी तांड्यावरून ऊन-पावसात दोन कोस चालत येई. तिच्या आईने, हंसाबाईने, एकदा इंदूबाईंना येऊन सांगितलेही, "झोपेतबी बांगडी-बांगडी करते ही. मले वाटलं, तुमी सोन्याची बांगडी देनार हाये का काय तिले."

इंदूबाई हसल्या. त्यांनी काहीच दिले नाही. त्यांना हवे होते ते मिळत होते: रोज दुपारी, सरावासाठी, एक कठीण डोके. त्याच डोक्यावर घासून त्या जिल्ह्यात धारदार होऊन जात. नवे, विलायती नियम त्यांनी स्वतः पुस्तकातून शिकून घेतले होते. जमनीला ते लागणार कशाला, असे त्या स्वतःला सांगत.

साठ सालच्या दिवाळीनंतर एकदा सदाशिवराव पानाचा डबा घेऊन ओट्यावर बसले होते. डाव संपला तसे ते म्हणाले, "अवं, पोरीनं तुले आज दोनदा मात देल्ली."

"मीच देऊ देल्ली."

"दोन्ही खेपेले?"

इंदूबाई मोहरे डब्यात भरू लागल्या.

"मंग यंदा हिचंबी नाव देऊ यवतमाळले," सदाशिवराव सुपारी कातरत म्हणाले. नवऱ्याचे नाव ज्या घराला उरले नव्हते त्या घरात ते चार वर्षे मुकाट बसून होते. "पायू दे जिल्ह्याले, बुद्धिबळवाल्या बाईच्या घरी काय काय हाय ते."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरोखर नाव दिले. जमनी हरखून गेली. भीमसिंग जाकीट घालून आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "बाईसाहेब, पोरगी जिंकली तर मंडळवाले तिले यवतमाळले शाळेत ठेवतो म्हनतात. न्हाई तर आर्णीकडून सोयरीक आली हाये, शंकरसिंगची. मी त्याले जानेवारीपर्यंत थांबवलं. तुमी शिकवान ना तिले थे नवे कायदे?"

"शिकवीन," इंदूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी शिकवले. प्यादे पहिल्यांदा दोन घरे चालू शकते, हे शिकवले. राजाने हत्तीशी मिळून किल्लेकोट कसा करायचा, हे शिकवले. राजाची घोड्यासारखी एक उडी आता चालणार नाही, हेही सांगितले. नियम तीन सांगितले. चौथा, की टोकाला पोचलेले प्यादे कोणत्याही घरात वजीर होऊ शकते, तो त्यांनी सांगितला नाही. त्या विसरल्या नव्हत्या. तिसरा नियम सांगून झाल्यावर त्यांनी पाणी मागवले, ते हळूहळू प्यायल्या आणि म्हणाल्या, "बस. एवढंच हाय." जमनीला अक्षर वाचता येत नव्हते, पुस्तक कपाटावर होते.

जानेवारीत यवतमाळच्या सभागृहात आठ जणी आल्या, चार-चार जणींचे दोन गट पडले. जमनीने आपल्या गटातले तिन्ही डाव तिसाव्या खेळीच्या आत संपवले. तिचे एकही प्यादे टोकापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. भरतकाम केलेली काचोळी आणि कोपरापर्यंत हस्तिदंती बांगड्या घातलेली ती मुलगी पाहायला माणसे खिडक्यांत चढली. अंतिम डाव गुरू आणि शिष्येचा. इंदूबाईंना पाठीमागे नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता.

दोन तासांनी दोघींचे वजीर गेले, हत्ती गेले, उंट-घोडेही गेले. जमनीची दोन प्यादी उरली, इंदूबाईंचे एक. जमनीचे पुढचे प्यादे घोड्याच्या रांगेत टोकापासून एक पाऊल दूर, इंदूबाईंचे उंटाच्या रांगेत दोन पावले दूर, आणि खेळी जमनीची. तिच्या मनात काय चालले आहे, ते इंदूबाईंना उघड्या पुस्तकासारखे दिसत होते, कारण ते पुस्तक त्यांनीच लिहिले होते. माझा होईल घोडा, बाईंचा होईल उंट, आणि वर माझे एक प्यादे जास्त. जमनी जिंकत होती. देशी खेळात ती जिंकतच होती. आणि नव्या नियमांप्रमाणे तिने वजीर मागितला असता, तर इंदूबाईंच्या प्याद्याला पुढचे पाऊलही टाकता आले नसते.

जमनीने प्यादे टोकाला नेले, उचलले आणि डब्यातला घोडा हातात घेतला.

पंच पुढे वाकले. "घोडाच हवा?"

जमनी गोंधळली. तिने वर पाहिले. पंचांकडे नव्हे, इंदूबाईंकडे.

इंदूबाईंचा चेहरा हलला नाही. उजवा हात मात्र पटाच्या कडेपाशी होता. सोन्याची बांगडी लाकडावर एकदा वाजली.

जमनीचा चेहरा उजळला. तिने घोडा ठेवला.

दोन खेळ्यांनी इंदूबाईंचे प्यादे उंटाच्या घरात पोचले. "वजीर," त्या पंचांना म्हणाल्या.

"उंटाच्या घरात वजीर कसा येईन?" जमनी मोठ्याने बोलली. पंचांनी तिला नियम समजावून सांगितला. मागे कोणीतरी हसले, मग पुष्कळ जण हसले, आणि खिडकीतून आवाज आला, "अवं, लमाणाची पोरगी, बैल मांगून घ्यायचा होता!" जमनीने एकदा आपल्या घोड्याकडे पाहिले, एकदा सोन्याच्या बांगडीकडे. डाव तिने सोडला नाही. मात होईपर्यंत खेळली, आणि खाली मान घालून उठली.

बाहेर गाडीपाशी तिने इंदूबाईंना गाठले. "बाई, तीन शिकवले. चौथा काहून नाई शिकवला?"

"तू इचारलंच नाई," इंदूबाई म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या.

ढाल पाचव्यांदा नेरला आली. जमनी आली नाही. फाल्गुनात तिचे लग्न होऊन ती आर्णीकडच्या तांड्यावर गेली, आणि भीमसिंगने सदाशिवरावांचा कापूस वाहणे सोडले.

त्या ढालीमुळे इंदूबाईंना राज्याच्या स्पर्धेचे बोलावणे आले. नागपूरला त्या पाच डाव खेळल्या आणि पाचही हरल्या. खेळताना हात पटावर चाचपडत असे. घरी परतल्यावर त्यांनी सदाशिवरावांना सरावाला बसवून पाहिले. नवव्या खेळीला ते हरले आणि आनंदाने पान लावू लागले. पुढच्या वर्षी यवतमाळची बेबीताई, कॉलेजात शिकणारी, पुस्तकातून तयार झालेली, ढाल घेऊन गेली. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र आले. इंदूबाईंचे नाव खाली बारीक अक्षरांत होते, आणि तेही चुकीचे.

"डोकं दुखत होतं का?" सदाशिवरावांनी विचारले.

त्रेसष्टच्या पौषात इंदूबाई वडिलांचा लाकडी पट आणि सागवानी मोहऱ्यांचा डबा घेऊन आर्णीच्या मोटारीत बसल्या. तिथून तांड्यापर्यंत पायी गेल्या. आयुष्यात त्या कोणाच्याही दारात काही मागायला गेल्या नव्हत्या.

जमनी दारात तुरी पाखडत होती. मांडीवर मूल होते. तिने सूप खाली ठेवले नाही.

"माह्या घरी चाल," इंदूबाई उभ्यानेच म्हणाल्या. "वर्षातून दोन महिने. तुह्या नवऱ्याशी मी बोलतो. पुढच्या ढालीपर्यंत मले तू पाह्यजे."

"ढाल कोनाले भेटन?"

इंदूबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

जमनीने सूप ठेवले आणि मूल सासूच्या, रुपीबाईच्या, मांडीवर दिले. "एक डाव खेळू, बाई. तुमी जिंकल्या तर येतो. पन हितं आमचा कायदा. तुमी शिकवला थोच."

घोंगडीवर पट मांडला. तांड्यावरच्या बायका भोवती बसल्या. त्यांना खेळ कळत नव्हता, पण कोण कोणासमोर बसले आहे ते कळत होते.

"कोन हाये वं ही?" एकीने विचारले.

"माही गुरू," जमनी म्हणाली.

तिचा हात दोन वर्षांत गंजला नव्हता. तासाभरात इंदूबाईंचा वजीर गेला, मग घोडे, मग हत्ती. उन्हाची तिरीप घोंगडीवरून सरकली तोवर त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादे एवढेच उरले होते. जमनीचा हत्ती एका बाजूला, राजा दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध एक प्यादे. त्या प्याद्याने एक पाऊल टाकले की मात. प्यादेमात. इंदूबाईंना ती दिसली आणि छातीवरचा दगड जरा हलका झाला. हरायचे तर असे हरावे. चार बायकांत सांगता येईल, की आपल्याच हातची पोर, तिने मानाची मात दिली.

जमनीने प्याद्यावर बोट ठेवले. क्षणभर तसेच ठेवले. इंदूबाईंकडे पाहिले.

मग तिने बोट उचलले, हत्ती सरळ पटाच्या कडेला नेला आणि इंदूबाईंचे शेवटचे प्यादे मारले.

"बुर्जी, बाई."

"जमने, मात होती," इंदूबाई म्हणाल्या. "प्याद्याची मात होती. तुले दिसली नाई?"

जमनीने मनगट पटाच्या कडेवर आणले. हस्तिदंती बांगडी लाकडावर एकदा वाजली. मग तिने मूल परत घेतले आणि सूप उचलले.

"जेवून जा," रुपीबाई म्हणाली. "पाव्हनी हाये."

"नको," जमनीच म्हणाली. "त्यांची मोटार निंगून जाईन."

इंदूबाईंनी मोहरे एकेक करून डब्यात भरले. फार वेळ लागला. तोवर तुरी पाखडण्याचा आवाज चालू राहिला, आणि कोणी मदतीला पुढे आले नाही.