फणेरपेटीतली नवरी

मित्रांनो, मी एक जुनी फणेरपेटी आहे. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलेही नसेल. आज तुमच्या घरी आरशापुढे बाटल्या, डब्या आणि ब्रश यांची जत्रा भरते ना, ती जत्रा पूर्वी एका लाकडी पेटीत मावत असे. माझे झाकण उघडून उभे केले की आतल्या बाजूला आरसा दिसतो. खाली छोटे छोटे खण आहेत. एकात फणी, एकात कुंकू, एकात मेण आणि एकात काजळाची डबी. बस, एवढेच. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही याची मला अजूनही खात्री नाही. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म धुळ्याजवळच्या एका खेड्यात झाला. चुडामण मिस्त्रींनी बैलगाडी करताना उरलेल्या सागवानातून मला घडवले. झाकणावर त्यांनी एक मोर कोरायला घेतला होता, पण लाकूड आखूड पडले आणि मोराचा पिसारा राहून गेला. त्यामुळे पुष्कळ जण त्याला कोंबडी समजतात. मला त्याचे पूर्वी वाईट वाटायचे. आता वाटत नाही. माझा आरसा भुसावळच्या बाजारातून आला, केळीच्या सुकलेल्या पानांत गुंडाळून. तो तळहाताएवढाच आहे. त्यात एका वेळी अख्खा चेहरा मावत नाही. एक डोळा आणि थोडी भुवई मावते, किंवा ओठ आणि हनुवटी.

शेवंताबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर पहूरला आले. तेव्हा त्या अगदी कोवळ्या होत्या. रोज सकाळी त्या मला मागच्या दारी उजेडात ठेवत. कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवत आणि त्यावर कुंकू लावत. मे महिन्यात केळीच्या बागेत दिवसभर राबूनही ते कुंकू ओघळत नसे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. पुढे त्यांच्या सूनबाई, रूपाली, आल्या. त्यांनीही लग्नाच्या दिवशी माझ्यात पाहून काजळ घातले. मग घरात मोठे आरशाचे कपाट आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

माळ्यावर रूपालीबाईंचे यजमान हितेंद्रभाऊ यांनी माझ्यात फ्यूजच्या तारा, स्क्रू आणि ठिबकच्या नळीचे जोड भरून ठेवले. कुंकवाच्या खणात स्क्रू! मी तक्रार करत नाही. निदान कोणीतरी अधूनमधून उघडत तरी होते. पण स्क्रू शोधणारा माणूस आरशात कधी बघत नाही.

आता मुख्य गोष्ट. हितेंद्रभाऊंची मुलगी ऋतिका, म्हणजे घरातली ऋतू, हिचे लग्न ठरले. नवरदेव तेजस, धुळ्यातल्या देवपूरचा. हळदीच्या पूजेला शेवंताआजींना मीच हवी होते, म्हणून मला खाली काढले, स्क्रू ओतून टाकले आणि पुन्हा कुंकू भरले. तेव्हा घरातली बोलणी माझ्या कानावर पडू लागली. सगळी बोलणी एकाच विषयाची होती: नवरीचा मेकअप.

त्याला कारण होती ऋतूची आतेबहीण मेघा. काही वर्षांपूर्वी मेघाच्या लग्नात त्या सालच्या फॅशनप्रमाणे तिचा चेहरा पांढराशुभ्र रंगवला होता आणि पापण्या निळ्या केल्या होत्या. आजी ओवाळायला ताट घेऊन गेल्या आणि मेघाच्याच पुढे उभ्या राहून त्यांनी विचारले, "नवरी कोठे शे वं?" आजी अजूनही धुळ्याकडची अहिराणीच बोलतात. मांडव हसला, पण मेघाच्या डोळ्यांतून पाणी आले आणि निळा रंग गालांवर उतरला. हल्ली तर तिची लहान लेक अल्बम उघडून विचारते, "मम्मी, ही काकू कोण?"

म्हणून ऋतूने जळगावच्या पलकला आधीच सांगून ठेवले होते. पलक मारवाडी घरातली, नवऱ्या सजवण्यात हुशार मुलगी. तिने फोनवर चमकणारे गाल दाखवले, धुरकट डोळे दाखवले. ऋतू म्हणाली, "ताई, पंचवीस वर्षांनी फोटो पाहिला तर त्यात मी दिसले पाहिजे, ते साल नाही. आणि आजीने मला ओळखलं पाहिजे. एवढंच मागणं आहे."

"एवढंच? हेच तर सगळ्यात अवघड आहे," पलक म्हणाली. तिने साधा, शांत रंग निवडला, दोनदा लावून पाहिला, आणि दोघी खूश झाल्या.

पण चूक झाली ती हळदीत. आमच्याकडे हळद म्हणजे गालाला बोट नव्हे. मामी, मावश्या, काकू, शेजारणी, ज्यांच्या हाताला वाटी लागली त्या सगळ्यांनी ऋतूला न्हाऊ घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी पलक आली तेव्हा नवरीचा चेहरा ठरवलेल्या रंगाचा राहिलाच नव्हता.

त्यात रूपालीबाईंनी घाबरून भर घातली. देवपूरची शहरातली माणसे काय म्हणतील, म्हणून त्यांनी लेकीचा चेहरा साबणाने खसाखसा घासला. हळद काही गेली नाही. गाल मात्र लालबुंद झाले. पलकने ठरलेला रंग लावून पाहिला, तर तो पिवळ्यावर राखेसारखा दिसू लागला.

"काकू, पीठी, म्हणजे हळद, आमच्याकडेही लावतात, पण इतकी नाही हो!" पलक डोक्याला हात लावून म्हणाली.

"आमच्याकडे वाटीने नाही, बादलीने लावतात," मेघा म्हणाली.

"मेघा, तुला चेष्टा सुचते?" रूपालीबाई ओरडल्या. "वरात मारुतीपाशी आली. पलक, तू जाड थर दे बाई. पांढरं कर, सोनेरी कर, काहीही कर, पण हे झाक."

ऋतूने मेघाकडे पाहिले. जाड थर म्हणजे काय, हे त्या खोलीत त्या दोघींनाच नीट ठाऊक होते.

तेवढ्यात लाइट गेली. पलकचा दिव्यांचा गोल आरसा विझला. खोलीला खिडकी नव्हती. मेघाने फोन पुढे धरला, पण पलकने तो बाजूला सारला. "फोन नको. तो सगळ्यांनाच गोरं करतो. मला खरा चेहरा दिसायला हवा. उजेडात नेता येईल असा साधा आरसा नाही का घरात?"

आजींनी देवघरातून मला आणले आणि मागच्या दारी, अगदी माझ्या जुन्या जागी, नेऊन ठेवले. किती वर्षांनी मी ऊन पाहिले! माझ्या काचेच्या कडेचा पारा उडालेला आहे. मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या दिवशी आपण काय दाखवणार, या विचाराने माझी बिजागरी जरा कुरकुरलीच.

ऋतू माझ्यापुढे बसली. तिचा अख्खा चेहरा माझ्यात मावला नाही. आधी एक डोळा दिसला. तो तिचाच होता. मग नाकाचा शेंडा आणि त्याखालचा लहानसा तीळ. मग हनुवटी. ती मला हळूहळू फिरवत राहिली. उन्हात ती हळद घाण दिसत नव्हती. पिकायला आलेल्या केळीसारखी ती आतून उजळल्यासारखी दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "हळद झाकायची नाही. गाल तेवढे थंड करू."

"अगं, लोक..."

"तुझ्या लग्नाच्या फोटोत तू अशीच पिवळी आहेस. मला तो फोटो आवडतो."

रूपालीबाईंना ते पटले असे वाटत नव्हते. तेव्हा मेघा पुढे आली. "मामी, माझ्या अल्बममध्ये सगळं झाकलंय. मीसुद्धा." या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

रूपालीबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या स्वतःच थंड दुधात कापूस बुडवून घेऊन आल्या. "साबन कसाले वं?" असे आजी पुटपुटल्या, तशा त्या आणखीच हळू हाताने लेकीचे गाल टिपू लागल्या. लाली उतरू लागली. पलकने ठरलेला रंग बाजूला ठेवला, हळदीशी जुळेल असा नवा रंग हातावर कालवला आणि अगदी पातळ लावला. डोळ्यांना काजळ, ओठांना थोडा विड्यासारखा लाल रंग. मग तिने टिकलीचे पाकीट काढले, पण ऋतूने माझ्या खणाकडे बोट दाखवले.

आजींनी मेणात बोट फिरवले. त्यांचे डोळे आता मोतीबिंदूने धूसर झाले आहेत, पण बोट बरोबर दोन भुवयांच्या मध्ये टेकले. त्यावर कुंकू बसले, गोल आणि भरलेले. "आजी, मलाही शिकवा ना हे," पलक म्हणाली. "उन्हाळ्यात मी सजवते त्या सगळ्या मुलींना उपयोगी पडेल." आजींनी लगेच तिच्याही कपाळावर लावून दाखवले. मग मेघाने कपाळ पुढे केले. मी तर पार भांबावून गेले. इतकी कपाळे एका दिवशी मी कधी पाहिली नव्हती!

बाहेर बँड वाजू लागला. गडबडीत मला कोणीतरी मांडवातल्या चौरंगाशेजारी ठेवले, झाकण उघडेच. त्यामुळे पुढचे मला दिसले. ऋतू आली. बायका थोड्या कुजबुजल्या. मग ओवाळायला आजी ताट घेऊन निघाल्या. मेघा ऋतूला खेटून उभी होती. रूपालीबाई तर देवाचे नाव घेत होत्या. आजी एक एक पाऊल टाकत आल्या, करवल्यांच्या घोळक्यापाशी थांबल्या, डोळे बारीक केले आणि सरळ ऋतूपाशी जाऊन तिची हनुवटी धरली.

"हाई तं मनी ऋतू शे!" त्या मोठ्याने म्हणाल्या.

मग शेजारी वळून त्यांनी मेघाचा गालगुच्चा घेतला. "आनि हाई मेघा. आज तुले बी वळखं."

मेघा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आले. या वेळी गालांवर उतरायला निळा रंग नव्हता.

मित्रांनो, आता मी देवपूरला असते. ऋतू मला बरोबर घेऊन आली. मी जिथून निघाले होते त्याच मुलखात परतले. खिडकीजवळ माझी जागा आहे. खाली रस्त्यावरून मुले शाळेला जातात. तेजस माझ्या मोराला कोंबडीच म्हणतो, आणि ऋतू त्याच्याशी भांडते. कुंकवाच्या खणात पुन्हा कोणी स्क्रू ठेवलेले नाहीत.

तुमच्याही घरात, एखाद्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल. तिला खाली काढा. तिची काच कोरड्या फडक्याने हळूच पुसा, बिजागरीला तेलाचा थेंब द्या. एवढी माया आम्हांला पुरते. आणि पुसून झाल्यावर लगेच झाकण लावू नका. तिला दारात उजेडाला न्या आणि क्षणभर तिच्यात बघा. अख्खा चेहरा दिसणार नाही कदाचित. पण जेवढा दिसेल, तेवढा तुमचाच असेल.