गाळलेला चेहरा

गाण्यांच्या कंपनीत तिला सगळे कात्री म्हणत. ती व्हिडिओ कापायची म्हणून, असं नव्या माणसांना वाटे. जुन्यांना तिच्या जिभेची धारही ठाऊक होती.

ती नोकरीला लागली तेव्हा गाण्याला चेहरा लागायला नुकतीच सुरुवात झाली होती. त्याआधी रेडिओवर नुसत्या आवाजावर भागायचं. मग दिवसभर गाणीच दाखवणारी वाहिनी आली आणि बघताबघता गळ्यापेक्षा गालांना भाव आला. आता तीही वाहिनी गेली. नव्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, “जुने बेचाळीस व्हिडिओ टेपवरून उतरवा, साफ करा आणि मोबाइलवर उभे दिसतील असे कापा.”

पहिल्याच खोक्यात कंपनीला नाव मिळवून देणारं गाणं निघालं. पांढरे पडदे, जिना आणि ओठ हलवत उतरणारी मॉडेल. त्याखाली दुसरी टेप होती. तिच्यावर कात्रीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘गायिका. वापरू नये.’

बुरशी पुसून तिने ती मशीनवर चढवली. माइकसमोर एक जाडजूड बाई, गालांवर देवीचे व्रण, मांडीवर ताल धरून जीव ओतून गात होती. बत्तीस वर्षांपूर्वी निर्माते म्हणाले होते, “आवाज ठेव, बाई काढ.” कात्रीने एका दुपारीत काढली होती. तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. आज तेच जास्त बोचलं.

तिने गायिकेला शोधून फोन केला. पलीकडून कोरडा आवाज आला, “आता कशाला? उपकार करायला?”

“नाही ताई. मी कापलं होतं. तुम्ही एकदा बघा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

ती आली. काठी टेकत, दम खात. पडद्यावर स्वतःला पाहून तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “वाईट दिसते असं सांगितलं होतं गं मला. मी खरंच मानलं. आरशालासुद्धा पाठ करून वेणी घालायचे.” तिने पडद्याकडे बोट केलं. “इथे सूर किंचित उतरलाय. राहू दे तसाच. तो माझा आहे.”

कात्रीने नवा व्हिडिओ जोडला. त्यात मॉडेल नाही, जिना नाही. फक्त ती बाई आणि तिचं गाणं.

साहेबांनी अर्ध्यातच बंद केला. “लोकांना मॉडेल आठवते. हे कोण बघणार?”

“मॉडेलचाही देते करून. पण आधी हा जाईल.”

“हे तुम्ही ठरवणार?”

“ठरवते. हे मशीन चालवणारं दुसरं कोणी असेल तर आणा. उरलेल्या एक्केचाळीस टेपा त्याच्या हवाली करते आणि घरी जाते.”

“धमकी देताय?”

“छे! मी धमकी देत नाही, साहेब. माहिती देतेय.”

साहेबांनी तीन दिवस फोन फिरवले. एक जण भेटला, त्याने टेप अडकवून चुरगाळली. नशीब, ती रिकामी होती. चौथ्या दिवशी साहेब दारात उभे राहिले. “टाका. पण चालला नाही तर खापर तुमच्यावर.”

“फोडा की. डोकं भक्कम आहे माझं.”

व्हिडिओ गेला. पहिल्या दिवशी शिव्याच जास्त आल्या. आमची जिन्यावरची ती कुठे गेली? ही जाडी कोण? असल्या बाईला बघायचं का आम्ही? साहेब कपाळाला आठ्या घालून वाचून दाखवू लागले. कात्रीने लगेच गायिकेला फोन लावला. “ताई, नका वाचू ते.”

“वाचलं सगळं. लेकीकडून मोबाइल शिकून घेतला मुद्दाम. एकेकाला उत्तर देतेय.”

“काय लिहिताय?”

“लिहिलंय, ‘तुम्ही बत्तीस वर्षं जिचं गाणं गुणगुणताय, ती मीच. चेहरा नको असेल तर गाणंही परत करा.’”

कात्री खो खो हसली. गायिकेचं अजून संपलं नव्हतं. “आणि हे बघ, माझी आणखी दोन गाणी होती तुमच्याकडे. त्यांच्या टेपा काढून ठेव. मी सोमवारी येतेय.”