झाकलेलं तोंड

"आजी, सोडा ती गाठ. आत्ताच्या आत्ता सोडा!"

आरोग्य केंद्राच्या आशाताईचा आवाज एवढा चढला की सखुबाईचे हात जागीच थांबले. अर्ध्या गावातली पोरं तिने न्हाऊमाखू घातलेली, आणि कालपर्यंत शेंबूड पुसत फिरणारी ही पोरगी तिला गाठ मारायला शिकवणार! पण आशाताई ऐकून घेणारी नव्हती. तिने पुढे होऊन सखुबाईच्या सुनेच्या, प्राप्तीच्या, छातीशी लुगड्यात बांधलेलं वीस दिवसांचं बाळ स्वतःच सोडवलं.

"बघा, कसं मुटकुळं झालंय. हनुवटी छातीला टेकली की नरडं दुमडतं. वर तुम्ही तोंडावर पदर ओढला. असं पोर रडतबी न्हाय, गपचूप जातं. आईला वाटतं, झोपलंय."

मग तिने बाळ नीट बांधून दाखवलं. उभं, घट्ट, कपाळाचा मुका घेता येईल इतकं वर. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा आणि चेहरा सगळा उघडा.

"न् खाडीवरचा वारा?" सखुबाईने विचारलं.

"टोपी घाला. उद्या मुंबईला जाताना लाँचीत तोंड झाकायचं न्हाय."

एरवी सखुबाईने तिला दारापर्यंत पिटाळलं असतं. आज ती सुटलेलं लुगडं हातात धरून बसली.

आठ वर्षांपूर्वी मुलाच्या, धनेशच्या, पहिल्या बायकोला तिने अशीच झोळी बांधून दिली होती. भाविका तिचं नाव. बारा दिवसांच्या पोराला कावीळ झालेली, मुंबईला न्यायचं होतं. खाडी ओलांडताना बाळाचं तोंड कुणाला दिसू द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. भाविकाने दोनदा पदर सारला आणि सखुबाईने दोनदा तिच्या हातावर चापट मारली. भाऊच्या धक्क्यावर पदर उघडला तेव्हा पोर निळं पडलं होतं. धनेश ते घेऊन दवाखान्यात धावला, पण उपयोग नव्हता. वाटेत भाविकाचा डोळा लागला होता; बाळंतीण, त्यात बारा रात्रींचं जागरण. खापर फोडायला सखुबाईला तेवढं पुरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "आयच्या छातीवर पोर गेलं न् ही घोरत व्हती," हे तिने बाजारापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सांगितलं. वर्षाच्या आत भाविका माहेरी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सखुबाई, धनेश आणि प्राप्ती बाळाच्या कानांच्या तपासणीसाठी निघाली. रेवसच्या धक्क्यावर वारा भणाणत होता. प्राप्तीने बाळ आशाताईने दाखवलं तसं बांधलं होतं. शेजारची नीराबाई मासळीची पाटी घेऊन उभी होती, तिला राहवलं नाही.

"सखू, पोराचं तोंड झाक गं! पैल्या सुनेनं एक खाल्लंन, हिला तरी शिकव."

"भाविकानं न्हाय खाल्लंन," सखुबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "मी बांधलं व्हतं. मीच झाकलं व्हतं. पोर माझ्या हातानं गेलं."

"आये, गप," धनेश दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं बघतायत."

"बघूदे. तुला सांगायला पायजे..."

"मला माहीत हाय. डॉक्टर तवाच बोललेला, श्वास कोंडला म्हणून."

"न् तू बोलला न्हायस?"

"काय बोलणार? तू आय ना माझी."

मुलगा शिव्या देईल, जन्मभर तोंड बघणार नाही, एवढ्याची तयारी तिने केली होती. ह्याची नव्हती. तिला काल कळलेलं पाप तो आठ वर्षं गिळून बसला होता. तिच्या हातचं जेवत होता आणि भाविकाला घातलेल्या शिव्या खाली मान घालून ऐकत होता. सखुबाईला पहिल्यांदाच आपल्या पोटच्या पोराची किळस आली, आणि तेवढीच स्वतःचीही.

प्राप्तीने सगळं ऐकलं होतं.

"त्या बाईला, भाविकाला, तुम्ही हे सांगितलंत कधी?" तिने नवऱ्याला विचारलं.

लाँच लागली तसा धनेशने हात पुढे केला. "दे, मी घेतो. फळी हालते."

"नको."

दोन्ही हात बाळाभोवती धरून ती एकटीच फळीवरून आत गेली आणि अनोळखी बायकांमध्ये जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मायलेक दाराशी उभे राहिले, आणि भाऊचा धक्का येईपर्यंत दोघांपैकी कुणाच्यानेही तिथे जाऊन बसवलं नाही.