कोपरा दुमडलेलं कार्ड

"बाई, तुमच्या नावाला बट्टा लावला मी," मावशी वर्गाच्या दारातूनच म्हणाल्या.

मावशी शाळेचे वर्ग झाडायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना ग्रंथालयातली बसून करायची नोकरी हवी होती, आणि आज त्या तिथली इंग्रजी वाचनाची परीक्षा देऊन आल्या होत्या.

इंग्रजीच्या बाईंनी शाळा सुटल्यावर वर्षभर त्यांना इंग्रजी वाचायला शिकवलं. पद्धत बाईंची स्वतःची: चाळीस कार्डं, चार डबे. शब्दाच्या शेवटी 'ए'चा उच्चार लांबला की ए-वाय या अक्षरांचा डबा, 'ई' लांबली की दोन ईंचा, 'ओ' लांबला की ओ-डब्ल्यूचा. नियम न पाळणाऱ्या वात्रट शब्दांना चौथा. मावशी 'डे, ट्री, स्नो' असं धडाधड वाचायच्या आणि बाई शिक्षकांच्या खोलीत मिरवायच्या.

"काय झालं?"

"कागदावर खुणाच नव्हत्या." मावशी जमिनीकडे बघत होत्या. "कार्डावरचा चहाचा डाग म्हणजे 'ट्री', दुमडलेला कोपरा म्हणजे 'स्नो'. तसंच पाठ होतं मला. जागा दुसरीला गेली. फसवलं मी तुम्हाला."

बाईंना खुर्चीत बसवेना. मावशींचा अंगठा आधी कोपऱ्यावर जातो आणि मग तोंड उघडतं, हे त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं. पाहून डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं जिवावर आलं होतं, आणि मारलेल्या बढाया परत घ्यायची लाज वाटत होती. शिफारसपत्रात 'अस्खलित वाचतात' असं त्यांनीच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात.

"मला माहीत होतं, मावशी."

"मग सांगायचंत ना," मावशी एवढंच म्हणाल्या. आवाजात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाईंनी जुनी कार्डं टराटरा फाडली. एक कोरं कार्ड कापून त्यावर शब्द लिहिला आणि पुढे केला. मावशींचा अंगठा सवयीनं कोपऱ्यावर गेला, चारही कडांवरून फिरला आणि थांबला.

"उद्या बसू," त्या म्हणाल्या आणि झाडू घेतला.

"राहू द्या, कपटे मी उचलते."

"वर्ग झाडायचं काम माझं आहे, बाई."

एक हात गुडघ्यावर टेकून मावशी वाकल्या. नवं कार्ड त्यांनी बाकावर वहीत घालून ठेवलं होतं, कोपरा दुमडू नये म्हणून.